वाईची अंबू

वन्सं, तुमचा तेरावा पार पडला. पत्रावळी उचलल्या, भांडी घासून पालथी घातली आणि ह्यांच्याकडे चार कोरे कागद मागितले. "कशाला?" म्हणाले. म्हटलं, "तुमच्या बहिणीशी भांडायला." त्यांनी दौत-लेखणीसकट काढून दिले आणि पाठ वळवून बसले. डोळे पुसत असतील. मी बघितलं नाही.

दमलेय मी. तुमच्या आजारपणाने नाही, समाचाराला आलेल्या बायकांनी दमवलं. जी ती येते, माझ्या हातावर हात ठेवते आणि म्हणते, "सुटल्या बिचाऱ्या. आयुष्यात सुख म्हणून पाहिलं नाही." मी मान हलवते. कुणी तुम्हाला बिचारी म्हटलेलं तुम्ही ऐकलं असतंत, तर ती बाई उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत तिला पुरेल असं काहीतरी बोलला असतात. मला तसं ऐन वेळी सुचत नाही. मला नुसता राग येतो, आणि रागावल्यावर आणखी दमायला होतं.

आता या घरात माझ्याशी वाद घालायला कुणी उरलं नाही. हे वाद घालत नाहीत, "बरं" म्हणतात आणि विसरून जातात. दिवसभर दफ्तरात दुसऱ्यांची भांडणं लिहून काढायची, घरी येऊन आणखी कशाला, असं त्यांचं. तुमचं तसं नव्हतं. तुम्ही सकाळी अर्धा सोडलेला वाद दुपारी भाजी निवडताना बरोब्बर तिथूनच उचलायचात.

आपला पहिला वाद आठवतो का? मी या घरात नवी होते. तुम्ही त्याच्या आधीच, कपाळ पांढरं झाल्यावर, लहानग्या गोदूला कडेवर घेऊन भावाकडे परत आलेल्या. दुपारी आळीतल्या बायका आपल्या पडवीत वाती वळायला जमायच्या आणि तुम्ही गोष्ट सांगायचात. स्वतः रचलेली, रोज नवी. त्या दिवशी राजपुत्राची होती. चुलत्याने राज्य बळकावलेलं, राजपुत्र रानात पळालेला. मोठा झाल्यावर तो पगडी उतरवतो, मुंडासं गुंडाळतो आणि आपल्याच वाड्यात पाणक्या म्हणून राहतो. आई रोज त्याच्या हातचं पाणी पिते, आणि तिला काही कळत नाही. बायका पदराने डोळे पुसत होत्या. मी विचारलं, "मुंडासं बांधल्याने नाक बदलतं का?"

सगळ्यांचे हात थांबले. नवी सून, आणि असं बोलली! तुम्ही माझ्याकडे बघितलंत, रागाने नाही, दुकानात नवा माल आल्यावर बघावं तसं. मग म्हणालात, "सगुणे, तू वात वळ. तुझी वात वाकडी झालीय."

मी काय करू? माझे वडील पुराणिक. मला अक्षरं त्यांनी शिकवली, आणि अक्षरांबरोबर शंका काढायची खोडही लावली. तुमच्या गोष्टींत शंका काढायला वावही फार होता हो. राणी गालाला काजळी फासून भर बाजारात ताक विकायची, आणि घोड्यावरून जाणारा राजा, तिचा सख्खा नवरा, तिच्याचकडून ताक घेऊन प्यायचा. "चेहऱ्याचं सोडा," मी म्हणायचे, "आवाजाचं काय? ताक घ्या ताक असं ओरडली ना ती?" तुम्ही म्हणायचात, "आवाजालाही काजळी लावली होती." एकदा तर प्रधान नुसती चिकटवलेली दाढी लावून शत्रूच्या दरबारात जेवून आला. मी विचारलं, "ताक-भात जेवला? दाढीला शीत लागलं नाही?" त्या दिवशी तुम्ही गोष्ट तिथेच थांबवलीत आणि बायका माझ्यावर चिडल्या.

तुमचं म्हणणं एकच होतं. कितीदा सांगितलंत. वेष चांगला असावा लागत नाही, समोरच्याची फसायची तयारी असली की पुरे. मी म्हणायचे, ही पळवाट झाली, रचणाऱ्याला कष्ट नकोत म्हणून. मग तुम्ही रामाच्या देवळातलं लळीत काढायचात. उत्सवाच्या शेवटी सोंगं यायची, त्यात ह्यांच्याच दफ्तरातले एक कारकून राक्षस व्हायचे. तोंडाला काळं, कमरेला घोंगडी, आणि त्यांचा तो जुना खोकला. सगळ्या पुण्याला ठाऊक की हा कोण. तरी त्यांची बायको पुढे बसून किंचाळायची. "ती किंकाळी खोटी होती का?" तुम्ही विचारायचात. मी म्हणायचे, "ती घरी पण तशीच किंचाळते." वाद तिथेच राहायचा.

हे सगळं गमतीचं होतं, गोदूला दिवस गेले तोपर्यंत.

गोदूला दिलं होतं नारायण पेठेत. कसब्यातून ते किती लांब? हौदावर पाणी भरायला गेलेली बाई बोलत बोलत तिथवर जाऊन येईल. पण ती सासरी गेल्यापासून तुम्ही तिला पाहिलं नव्हतं. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या विहीणबाईंनी, सरळ सांगितलं होतं. त्यांची थोरली सून पहिल्या बाळंतपणात गेलेली. आता या सुनेच्या बाबतीत कसलाही अपशकुन नको. बाळंतपण तिकडेच होईल, आणि तोवर आईने समोर येऊ नये. दुष्टपणाने नव्हे हो, भीतीने. ह्यांनी दोनदा रदबदली केली, दोनदा मान खाली घालून परत आले.  तुम्ही त्या दिवसांत गोष्टी सांगणं बंद केलंत. बायका यायच्या, वाती वळायच्या, उठून जायच्या.

मग चैत्र आला. गोदूच्या सासरी गौरीचं हळदीकुंकू मोठं. पेठेतल्या, पेठेबाहेरच्या सवाष्णी येतात, डाळ-पन्हं घेतात, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरून घेतात आणि जातात. मला बोलावणं होतं. तुम्ही पीठ मळता मळता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "सगुणे, तुझी एखादी मावसबहीण नाही का वाईला?"

मला कळायला वेळ लागला. कळल्यावर मी आधी दार लोटून घेतलं. सापडलो असतो तर काय झालं असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा नीट ठाऊक होतं. विधवेने कुंकू लावून सवाष्णींच्या पंगतीत बसायचं? आपल्या घरावर बहिष्कार पडला असता तो पडलाच असता. पण पुढे गोदूला काही झालं असतं, नुसती ठेच लागली असती, तरी त्याचं खापर तुमच्यावर फुटलं असतं, आणि त्या घरात गोदूचं जगणं कठीण झालं असतं. मी हे सगळं बोलून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "माझ्या राजपुत्राने नुसतं मुंडासं बदललं होतं. मी तर पुष्कळ काही करणार आहे."

केलंत खरं. माझे केस विरळ म्हणून आईने लग्नात मला गंगावन दिलं होतं. ते मी काढलं. जुन्या लुगड्याची पट्टी घेतली, तुमच्या डोक्याच्या मापाची टोपी शिवली आणि त्यावर गंगावनाचा खोपा टाके घालून बसवला. दोन दुपारी लागल्या. तुम्ही माझ्यासमोर डोक्यावरचा पदर काढून बसलात. इतक्या वर्षांत तुमचं बोडकं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं. वरती बारीक खुंट उगवले होते. माझा हात थांबला तशी तुम्ही म्हणालात, "रडू नकोस, सुई टोचेल. मला." माझं हिरवं लुगडं तुम्हाला आखूड झालं. बांगड्या हातातून सुटत होत्या. नाकाचं भोक बुजलेलं, म्हणून नथ नुसती चिमटवून लावली आणि तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. कुंकू मात्र तुम्ही स्वतः लावून घेतलंत. आरसा मागितला नाहीत. बोटाला जागा आठवत होती.

निघताना ओसरीवर हे लिहीत बसले होते. त्यांनी वर बघितलं. स्वतःच्या बहिणीला, हिरव्या लुगड्यात, कपाळभर कुंकवात. मी म्हटलं, "ही माझी मावसबहीण. वाईची अंबू." त्यांनी लेखणी दौतीत बुडवली, परत बुडवली. "पाहुण्यांना उन्हाचं फार चालवू नका," एवढंच म्हणाले.

तुम्ही वाटेत म्हणालात, "दादाने ओळखलं नाही." मी म्हटलं, "नाही हो."

पुढचं घडलं तेव्हा तुम्ही तिथेच होतात, तरी मला सांगायचंय. तुमच्या पाठीमागे जे झालं ते मी पाहिलं.

माजघरात बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. गौरीसमोर गोदू. तुम्ही दाराशीच थबकलात, मी कोपराने ढकललं. आपण बसलो. तेवढ्यात विहीणबाई हळदीकुंकवाचं पंचपाळं घेऊन समोरून आल्या, आणि वन्सं, तुम्ही चटकन उठून भिंतीकडे तोंड केलंत. सवाष्ण समोरून आली की तोंड फिरवून उभं राहायचं, हे तुमच्या अंगात इतकं मुरलेलं की खोपा, नथ, बांगड्या कशाचाही उपयोग झाला नाही. पुण्यात कुठली सवाष्ण असं करते? सगळी खोली गप्प झाली. माझ्या हातातलं पन्हं लुगड्यावर सांडलं. विहीणबाई तुमच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या. मी मनात देवाला म्हटलं, काय व्हायचं ते माझं होऊ दे.

विहीणबाई म्हणाल्या, "वाईला पाठमोरं कुंकू घ्यायची रीत दिसतेय." मग पंचपाळं पुढे करून, "हे पुणं आहे. इकडे तोंड करा."

तुम्ही वळलात. त्यांनी तुम्हाला हळद लावली, कुंकू लावलं. लावताना त्यांची नजर गोदूवर होती. तुम्ही डोळे मिटले होते, तुम्हाला दिसलं नसेल. मग त्या वळून म्हणाल्या, "गोदू, पाहुण्या लांबून आल्यात. वाकून नमस्कार कर."

गोदू पोट सांभाळत वाकली. तुम्ही तिला उठवायला खाली वाकलात आणि मागून खोपा सुटला. मानेवर आला. खांद्यावरून घेतलेला शेला घसरला. तुमच्यामागे एक घारी बाई बसली होती, तिची माझी ओळख ना पाळख. तिने एका हाताने खोपा वर दाबून धरला, दुसऱ्याने शेला ओढून घेतला आणि म्हणाली, "वारं फार सुटलंय हो." माजघराला खिडकी नव्हती. समईची ज्योत हलत नव्हती. बाकीच्या बायका आपापल्या वाटीतल्या डाळीत काय बघत होत्या कोण जाणे, एकीनेही मान वर केली नाही. तुम्ही गोदूचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. मला वाटलं, तुम्हाला दुसरं काही कळलेलंच नाही.

परत येताना तुम्ही एखाद्या पोरीसारखं चालत होतात. "बघितलंस? एवढ्या बायकांत एकीने ओळखलं नाही. गोदूने ओळखलं, पण ती माझी लेक, ती धरायची नाही. आणि तू म्हणे, नाक बदलतं का!" मी म्हटलं, "हरले मी."

गोदू सुखरूप बाळंत झाली. गोष्टी परत सुरू झाल्या. आणि मी जन्माची हरले. त्यानंतर कुठल्याही राजपुत्राने नुसता फेटा बदलला, कुठल्याही राणीने नुसता घुंगट ओढला, आणि मी तोंड उघडलं, की तुम्ही वातीवरून नजर न काढता म्हणायचात, "वाईची अंबू आठवते ना?" मी पुढची वात घ्यायचे. बायकांना वाटायचं, पुराणिकाच्या लेकीला अखेर अक्कल आली. माझ्या जिभेवर यायचं की अहो, सगळ्यांनी ओळखलं होतं, तुमच्या सख्ख्या भावापासून त्या घाऱ्या बाईपर्यंत! पण ते बोलले असते तर तुमच्याकडे काय उरलं असतं? तो एकच दिवस तुम्ही स्वतःच्या हिमतीवर कमावला होतात. तो दुसऱ्यांनी तुम्हाला दिला, असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून हरत राहिले. वाद जिंकता येत असताना हरत राहणं फार थकवतं, वन्सं. माझ्यासारखीला तर फारच.

अंबूही थांबेना. हळूहळू तिला घर आलं, कृष्णेकाठी. नवरा आला, तापट पण मनाचा चांगला, ज्याला करंज्या आवडतात. दोन म्हशी आल्या. आपण दोघीच असलो की तुम्ही सांगायचात, "अंबूचा नवरा रुसलाय. मीठ जास्त पडलं म्हणे." किंवा, "अंबूने या खेपेला जांभळं लुगडं घेतलं." मी कधी कंटाळून म्हणायचे, "पुरे झाली तुमची अंबू," आणि मग तुमचा चेहरा बघून विचारायचे, "मग? नवऱ्याचा रुसवा गेला का?" ह्या बायका म्हणतात तुम्ही सुख पाहिलं नाही. त्यांना काय ठाऊक, वाईला तुमचा केवढा संसार होता.

आता शेवटचं. मागच्या महिन्यात, तुम्ही अंथरूण धरलं होतं तेव्हा, विहीणबाई भेटायला आल्या. काठी टेकत, म्हाताऱ्या झालेल्या. मी पेज आणायला आत गेले. परत आले तर तुमचा आवाज ऐकून दाराशीच थांबले.

तुम्ही म्हणत होतात, "अंबूच्या मनात फार होतं, एकदा येऊन तुमचे पाय धरावेत."

विहीणबाई म्हणाल्या, "पाय कसले धरायचे? तिला म्हणावं, चैत्रात ये. मी आहे तोवर कुंकू लावीन."

"आता नाही जमायचं तिला."

"का?"

तुम्ही हसलात. खोकला आला, तरी हसत होतात. म्हणालात, "खोपा बसत नाही हो तिचा. त्या दिवशी सुद्धा मागून सुटलाच होता. वारं फार होतं ना तुमच्या माजघरात."

विहीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग दोघी रडलात. मी पेजेचं भांडं घेऊन दाराबाहेर उभी, आत यावं की जावं कळेना.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. तो बाईचा हात तुम्हाला मानेवर जाणवला होता, खोलीतली शांतता तुम्ही ऐकली होतीत, आणि वाटेत मला म्हणालात की कुणी ओळखलं नाही. इतकी वर्षं मला म्हणत राहिलात. मला तेव्हा विचारायचं होतं. विहीणबाई गेल्यावर जवळ येऊन बसलेही. तुम्ही म्हणालात, "पेज गार झाली असेल." मी म्हटलं, "ऊन करून आणते." आणून बघते तर तुम्हाला डोळा लागला होता, आणि त्यानंतर तुम्ही कुणाशीच नीट बोलला नाहीत. ओंकारेश्वराच्या घाटाकडे तुम्हाला नेलं तेव्हाही माझ्या मनात रडण्याआधी तेच आलं की मला का नाही सांगितलंत. मी फसले म्हणून राग नव्हता. मी तुम्हाला सांभाळतेय या अभिमानात मी जगत आले, आणि त्याची तुम्हाला गरजच नव्हती, याचा होता.

राग पुष्कळ दिवस टिकला. आज पंगती उठल्यावर खरकटं काढत होते, हात कामात होते, डोकं रिकामं होतं, तेव्हा एकदम कळलं आणि तिथेच खाली बसले. हे धावत आले, विचारलं, चक्कर आली का. म्हटलं, नाही, कागद द्या.

तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत, वन्सं, कारण तो खोपा मी शिवला होता.